न लागणारे प्रोबेट आणि लागणारे कागद : कोर्टनाक्याजवळच्या एका वकील कार्यालयाच्या सेवेविषयी

माझे वडील फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. त्यांच्यामागे नौपाड्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, सहकारी बँकेतल्या मुदत ठेवी, काही कंपन्यांचे कागदी शेअर आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी चुलत्यांबरोबर सामाईक असलेली थोडी जमीन एवढी मालमत्ता राहिली. तिची निरवानिरव करण्यासाठी ठाण्याच्या कोर्टनाक्याजवळच्या या वकील कार्यालयाची सेवा आम्ही जवळपास दोन वर्षे घेतली आणि अजूनही एक काम त्यांच्याकडे चालू आहे. त्या अनुभवाविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण घरातले माणूस गेल्यावर जे सल्ले चहूबाजूंनी येतात त्यांतले बरेचसे चुकीचे असतात, आणि ते चुकीचे आहेत हे शांतपणे सांगणारे कोणी भेटणे ही मोठी गोष्ट असते.

इथे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी मृत्युपत्राची दोन पाने वरवर चाळली, ‘प्रोबेटशिवाय या कागदाला काही किंमत नाही’ असे सांगितले आणि फ्लॅटच्या बाजारभावावर टक्केवारीने फी होईल असा आकडा दिला. आमच्या सोसायटीचे सचिवही प्रोबेटच, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखलाच, मागत होते. ते गृहस्थ अडवणूक करणारे नव्हेत. मुलुंडला त्यांच्या मेहुण्यांना फ्लॅट नावावर करताना प्रोबेट आणावे लागले होते, म्हणून आम्हालाही लागणार असे त्यांनी प्रामाणिकपणे गृहीत धरले होते. आई घाबरून गेली होती. कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायचे म्हणजे कोणीतरी ते खोटे ठरवायला निघाले आहे, असाच अर्थ तिने घेतला होता.

या कार्यालयातल्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत आईलाच आधी बोलू दिले. आम्ही घरून एका जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळे कागद नेले होते. त्यांनी ते टेबलावर पसरले, चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकेक कागद वाचून त्या त्या चिठ्ठीखाली ठेवत गेल्या: मृत्युपत्राने जाणारे, नॉमिनेशनने मिळणारे, कोर्टाच्या दाखल्याने मिळणारे आणि फेरफाराने, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतल्या बदलाने, चढणारे. अर्ध्या तासाने डबा रिकामा झाला होता आणि टेबलावर चार गठ्ठे होते. वडिलांच्या जाण्यानंतर ‘पुढे काय करायचे’ हे मला पहिल्यांदा डोळ्यांना दिसले ते त्या टेबलावर.

प्रोबेटविषयी त्यांनी जे सांगितले ते मी इथे नीट नोंदवते, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत हा गैरसमज घरोघरी आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे याचा कोर्टाने दिलेला दाखला. मालमत्ता खरोखर वडिलांच्या मालकीची होती की नाही हे त्यात ठरत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५७ आणि २१३ नुसार हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची जी सक्ती होती, ती मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात केलेल्या मृत्युपत्रांपुरती, किंवा मृत्युपत्र बाहेर केले असले तरी त्या क्षेत्रातल्या स्थावर मालमत्तेपुरती होती. मुंबई उच्च न्यायालयाचे हे क्षेत्र बृहन्मुंबईच्या हद्दीशी संपते. म्हणजे चेकनाक्याच्या पलीकडे मुलुंडमध्ये ती सक्ती होती आणि अलीकडे ठाण्यात नव्हती. आमचे मृत्युपत्र ठाण्यात झालेले, फ्लॅट ठाण्यात, तेव्हा सचिवांच्या मेहुण्यांना लागू असलेला नियम आम्हाला २०२४ मध्येही लागू नव्हता.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने दुरुस्ती करून कलम २१३ च वगळले. तेव्हा माझ्या मुलुंडच्या मावसभावासाठी मी कार्यालयात मुद्दाम फोन करून विचारले. त्यांनी सक्ती गेली असल्याचे सांगितले, पण त्याच वेळी प्रोबेट घेण्याचा मार्ग बंद झालेला नाही हेही बजावले. वारसांमध्ये मृत्युपत्रावरूनच वाद असेल किंवा सही कोणी नाकारत असेल, तर आपणहून प्रोबेट घेणे आजही शहाणपणाचे ठरू शकते, असे त्यांचे मत पडले. या उत्तरासाठी त्यांनी फी घेतली नाही.

वडिलांचे मृत्युपत्र नोंदणीकृत नव्हते, आणि हा आमचा दुसरा मोठा घोर होता. ते साध्या कागदावर टंकलिखित केलेले होते, प्रत्येक पानावर त्यांची सही होती, शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. वकीलबाईंनी सांगितले की मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, त्याला मुद्रांक लागत नाही, आणि कायद्याला महत्त्वाचे वाटते ते हे की करणाऱ्याने शुद्धीवर व स्वेच्छेने सही केली असावी आणि किमान दोन साक्षीदारांनी त्यावर साक्ष घातलेली असावी. नोंदणी केलेली असली तर पुरावा म्हणून बळ येते, एवढेच. आधीचे नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकते. दुसऱ्या पानावरची वडिलांची सही पहिल्या पानापेक्षा थोडी हललेली होती. वकीलबाईंनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, ‘काकू, तेव्हा त्यांच्या हाताला काही त्रास होता का?’ आईने सांगितले की त्याच महिन्यात मनगटाचे प्लास्टर निघाले होते. त्यांनी ते वाक्य तसेच वहीत उतरवून घेतले आणि प्लास्टरचे दवाखान्याचे कागद असले तर जपून ठेवायला सांगितले. दोघांपैकी एक साक्षीदार, आमचे जुने शेजारी, वारले होते. दुसरे डोंबिवलीला राहायला गेले होते. त्यांचे वय पाहून त्यांना ठाण्याला बोलावण्याऐवजी कार्यालयातला तरुण वकील त्यांच्या घरी गेला आणि त्यांचे शपथपत्र करून आला. आज वाद नसला तरी उद्या झाला तर निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते, आणि साक्षीदार कायम हयात राहत नाहीत, हे त्यांनी समजावले. आम्हाला हे आपणहून सुचले नसते.

फ्लॅटच्या बाबतीत गुंता असा होता की मृत्युपत्रात तो आईला दिलेला होता, पण सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून माझ्या भावाचे नाव होते. सचिवांचे म्हणणे, नॉमिनी आहे त्याच्या नावावर होईल. आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांचे हेच मत होते, आणि भावाला मनातून अवघडल्यासारखे झाले होते. वकीलबाईंनी हे जसे समजावले ते मी आजवर कितीतरी जणांना सांगितले आहे. त्या म्हणाल्या, ‘लग्नात आहेराची पाकिटे सांभाळायला घरातल्याच एखाद्या भरवशाच्या माणसाकडे पिशवी देतात ना? पाकिटे त्याच्याकडेच यायला हवीत, दुसऱ्या कोणाकडे नाही. पण म्हणून आहेर त्याचा होत नाही.’ आईला ते एका क्षणात पटले. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबाबत डिसेंबर १९८३ मध्ये आणि कंपन्यांच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच तत्त्व मांडले आहे. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचाच हक्क धरला जातो, हा अपवादही त्यांनी न विचारता सांगितला. अपवाद सांगणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास बसतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे नवे प्रकरण आले, त्यातल्या कलम १५४ब-१३ नुसार मृत सभासदाचा हक्क मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट (वारसांना कोर्टाकडून मिळणारा एक दाखला), वारस दाखला किंवा कायदेशीर वारसांमधील कौटुंबिक व्यवस्थेचा लेख यांच्या आधारे हस्तांतरित करता येतो, आणि तोवर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेता येते. कार्यालयाने हे कलम उद्धृत करून सोसायटीला दीड पानांचे पत्र लिहिले. भाषा इतकी सौम्य होती की सचिवांना कुठेही टोचले नाही. सोबत मृत्युपत्राची साक्षांकित प्रत, मृत्यूचा दाखला, माझे आणि भावाचे ना-हरकतीचे शपथपत्र व आईचे हमीपत्र जोडले. पुढच्या कमिटीच्या सभेत ठराव झाला. शेअर सर्टिफिकेटच्या मागे वडिलांच्या नावाखाली सचिवांनी निळ्या शाईने आईचे नाव लिहिले आणि ते घरी आणून दिले, तेव्हा आई पुष्कळ वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत बसली होती. कोर्टाची पायरी न चढता हे झाले.

बँकेतल्या ठेवींना भाऊच नॉमिनी होता, त्यामुळे पैसे त्याच्या खात्यात आले आणि त्याने ते तीन समान वाट्यांत विभागले. वडील गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका हितचिंतकाने ‘बँकेला कळायच्या आत एटीएमने काढून घ्या’ असे सुचवले होते. तसे केले नाही याचे समाधान आहे; खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याचे कार्ड वापरण्याचा अधिकार घरच्यांनाही नसतो. नॉमिनी असलेल्या खात्याला कोर्टाच्या दाखल्याची गरज नसते आणि कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढण्याची बँकेवर जबाबदारी असते, हे माहीत असल्यामुळे आम्ही काउंटरवर ठामपणे बोलू शकलो. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. आईच्या खात्यावर आम्ही ती दुरुस्ती करून घेतली आहे.

कोर्टाचे काम लागले ते शेअरसाठी. मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नव्हता आणि नॉमिनेशनही नव्हते. मृत्युपत्र केले की सगळी मालमत्ता त्यात आली, असे आम्ही समजत होतो. जे मृत्युपत्रात लिहिलेले नाही ते वारसाहक्काच्या कायद्याने जाते. तेव्हा कागदी शेअर एका कंपनीमागे ५ लाख रुपयांपर्यंत असतील तर सोप्या कागदपत्रांवर वारसांच्या नावे होत, पण एका कंपनीचे मूल्य त्याच्या वर जात होते. आम्ही तहसील कार्यालयातून आणलेला वारसांचा दाखला कंपनीच्या हस्तांतरण कार्यालयाने परत पाठवला होता. ‘वारस दाखला’ हा एकच शब्द लोक तीन वेगळ्या कागदांना वापरतात आणि तिथेच महिने जातात. तहसीलचा दाखला शासकीय योजना, निवृत्तिवेतन अशा कामांसाठी चालतो. मुंबई विनियम ८, १८२७ खाली दिवाणी न्यायालय देते तो वारस दाखला वेगळा. आणि ठेवी, शेअर, येणी अशा जंगम मालमत्तेसाठी १९२५ च्या अधिनियमाखाली मिळते ते सक्सेशन सर्टिफिकेट वेगळे. ते घर किंवा जमिनीसाठी नसते. मयत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या न्यायालयात त्याचा अर्ज करायचा असतो.

अर्ज लिहिताना वकीलबाईंनी विचारले, ‘वडिलांच्या आई हयात आहेत का? नसतील तर कधी गेल्या?’ आम्हाला हा प्रश्न चमत्कारिक वाटला. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ मध्ये मयत पुरुषाची आई ही पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याबरोबरीने पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील मात्र दुसऱ्या वर्गात येतात, हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते. आजी आधी गेली होती, म्हणून आई, मी आणि भाऊ असे तिघे समान वारस ठरलो. ती वडिलांनंतर गेली असती तर तिच्या वाट्याला तिचे वारस, म्हणजे आत्या आणि काकाही आले असते. ‘बायको आहे म्हणजे सगळे तिचेच’ हा समज अशा वेळी किती महागात पडू शकतो हे तेव्हा कळले. जुलै २०२४ मध्ये अर्ज दाखल झाला, वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली, हरकतीची मुदत गेली, आईची साक्ष झाली आणि मार्च २०२५ मध्ये सर्टिफिकेट हातात आले. साक्षीच्या आदल्या दिवशी तरुण वकील घरी येऊन आईला कोर्टात काय विचारतील, कुठे उभे राहायचे, हे सांगून गेला. त्यामुळे ती तिथे न अडखळता बोलली.

एका प्रसंगाविषयी लिहिल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. गावच्या जमिनीबाबत चुलत्यांचे म्हणणे असे होते की लग्न झालेल्या मुलीने हक्क सोडण्याची रीत आहे, आणि भावाने भोळेपणाने ‘स्टॅम्प पेपरवर सही करून टाकू’ असे कार्यालयात म्हटले. वकीलबाईंनी त्याला दहा मिनिटे बाहेर बसायची विनंती केली. मग त्यांनी मला सांगितले की स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावेच लागते, घरच्या घरी केलेल्या नोटरीच्या कागदाने हक्क जात नाही. पण एकदा नोंदवले की ते सहजासहजी फिरवता येत नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आहे, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत तो हक्क मुलीला जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. शेवटी त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सोडा किंवा ठेवा, निर्णय तुमचा. पण या एका मुद्द्यावर मी तुमच्या भावाचीही वकील आहे, म्हणून तुम्ही हवे तर दुसऱ्या कोणाचा सल्ला घ्या.’ मी हक्क ठेवला. भावाला बाहेर येऊन सांगितले तेव्हा त्याने फक्त मान हलवली, आणि परतीच्या वाटेवर तलावपाळीला आम्ही दोघांनी मिळून चहा घेतला. हे नाते टिकले याचे बरेचसे श्रेय त्या दहा मिनिटांना आहे असे मी मानते.

कराबद्दलही धास्ती होती. भारतात वारशावर कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच बंद झाली. मात्र वडिलांच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कायदेशीर वारस म्हणून भरावे लागते, आणि त्यासाठी त्यांनी आम्हाला सनदी लेखापालांकडे पाठवले. आपल्या कक्षेबाहेरचे काम त्यांनी ओढून धरले नाही.

माझ्या नेरूळच्या आत्याचे प्रकरणही मी इथेच आणले. नवी मुंबईत सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरच्या इमारतींत सोसायटीच्या दप्तरी नाव लागणे पुरेसे नसते, सिडकोच्या नोंदीतही वारसाचे नाव लावून घ्यावे लागते. आत्याने फक्त सोसायटीचे काम करून फाइल बंद केली होती. कार्यालयाने ती चूक पहिल्याच भेटीत पकडली.

उणिवा लिहिणेही माझे कर्तव्य आहे. फीचा आकडा पहिल्या दिवशी लेखी दिला होता, पण जाहीर नोटिशीचा खर्च, साक्षांकित प्रती आणि सर्टिफिकेटवर रकमेच्या प्रमाणात लागणारी कोर्ट फी यांचा त्यात समावेश नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. ते नंतर कळल्यावर आम्हाला पैशांची जुळवाजुळव करावी लागली. दुपारी दोनच्या आधी फोन लागत नाही, कारण सगळे कोर्टात असतात, आणि निरोप ठेवायला कोणी नसते. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून उद्वाहक नाही. आईला पहिल्या भेटीत प्रत्येक वळणावर थांबावे लागले. पुढच्या वेळी आम्ही सांगितल्यावर त्यांनी माणूस घरी पाठवला, पण वृद्ध व्यक्तींसाठी ही सोय आहे हे त्यांनी आधीच सांगायला हवे. कागदांची यादीही आधी फक्त इंग्रजीत होती. आईने ‘मला वाचता येईल अशी द्या’ म्हटल्यावर चार दिवसांत मराठी यादी आली, आणि आता ती सर्वांना देतात असे पाहिले.

पहिल्या भेटीला जाताना मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा प्रती, सर्व वारसांचे आधार व पॅन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, आणि घरात सापडतील तितकी जुनी पासबुके न्यावीत. आमच्या एका जुन्या पासबुकातून विसरलेले खाते निघाले, आणि रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर दावा न केलेल्या ठेवी शोधता येतात हेही त्या निमित्ताने कळले.

गावच्या जमिनीचे काम अजून चालू आहे. जमिनीच्या नोंदींसाठीच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज केला, गाव नमुना ६-क (वारसांची नोंदवही) मध्ये आम्हा तिघांची वारस म्हणून नोंद झाली, पण सातबाऱ्यावर फेरफार चढण्याआधी एका चुलतभावाने हरकत घेतली आहे. त्याची सुनावणी पुढच्या महिन्यात मंडळ अधिकाऱ्यांपुढे आहे, आणि तरुण वकिलाने त्यासाठी आजोबांच्या काळातले जुने फेरफार तालुक्याहून मागवून घेतले आहेत.